गुलाबी कुठवर गेला

आमची गल्ली मोठ्या रस्त्याला जिथं मिळते, तिथं रस्ता डावीकडं वळतो. संक्रांतीच्या यात्रेत ग्रामदैवताच्या मानाच्या काठ्या याच वळणावरून जातात. काठी म्हणजे घराच्या गच्चीवरून जाईल इतका उंच, सजवलेला नंदीध्वज. पांढरी बाराबंदी घातलेला एकच माणूस ती कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालतो; बाकीचे भोवती हात उचलून तयार असतात. वळणावर प्रत्येक काठी क्षणभर थांबते, कारण तोल सावरून ती फिरवावी लागते. त्यामुळं त्या कोपऱ्यावरची रांगोळी सगळ्यांत जास्त लोक बघतात आणि सगळ्यांत जास्त पायही तिच्यावरूनच जातात.

हा कोपरा माझ्या वहिनीचा होता. म्हणजे तो दर वर्षी नव्यानं मिळवावा लागायचा आणि ती तो मिळवायची. यात्रेच्या आधी मंडळ शाळेच्या मैदानात गल्लीतल्या बायकांची रांगोळी स्पर्धा घ्यायचं. पहिली येईल तिला कोपरा, बाकीच्यांना आपापल्या दारापुढचा रस्ता. बक्षिसाला साडी असायची. ती कुठली होती हे कुणाच्या लक्षात राहत नसे. कोपरा कुणाला मिळाला हे मात्र वर्षभर बोललं जायचं. फक्त एका वर्षी समोरच्या घरातल्या बाई पहिल्या आल्या, तेव्हा संक्रांतीचा तिळगूळ घेऊन वहिनी त्यांच्याकडं गेली, पण गोड बोलली नाही.

वहिनीचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं. घरात कन्नड. मराठी ती आमच्या गल्लीत शिकली, त्यामुळं तिची मराठी गल्लीचीच आहे. फक्त कंटाळली की तोंडातून ‘साकु’ निघतं, म्हणजे पुरे. ती लग्न होऊन आली त्या वर्षी माझ्या आईनं तिला कोपऱ्यावर नेलं आणि हातात चाळणी दिली. पुढं आईनं काढणं थांबवलं.

तिची काढायची रीत सांगायला हवी, कारण पुढं जे झालं ते त्या रीतीमुळं झालं. ती उलटं चालत रांगोळी काढायची. घराकडं पाठ करून सुरुवात करायची आणि मागं सरकत यायची, म्हणजे काढलेल्या भागावर स्वतःचा पाय पडायचा नाही. त्या रांगोळीवर पहिला पाय काठीवाल्याचाच पडला पाहिजे, असं आईचं म्हणणं होतं. दुसरं म्हणजे मधोमध ती थोडी जागा कोरी सोडायची. दोन पावलं मावतील एवढी. तिथं रंग नाही, रेघ नाही. काठीवाल्यानं थांबायचं ते त्या जागी. तिथून पुढं पाऊल टाकलं की ते रंगावर पडतं आणि रंग तळव्याला लागून पुढं जातो.

काठीवाले अनवाणी असतात. रंग खरोखरच जायचा. सगळ्या काठ्या वळून गेल्या, गर्दी ओसरली की वहिनी पुसलेल्या रांगोळीकडं बघायचीही नाही. पदर खोचून रस्त्यानं चालू लागायची. डांबरावर गुलाबी ठसे शोधत शोधत जायची आणि जिथं शेवटचा ठसा दिसेल तिथून परत यायची. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ओट्यावर बसून विचारायचा, “मग? कुठवर गेला औंदा?”

“मारुतीपर्यंत.”

“गेल्या साली तर पिंपळापर्यंत गेल्ता.”

“गेल्या साली ऊन न्हवतं. पाय ओले होते त्यांचे.”

मी निवृत्त होईपर्यंत वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी केली. यात्रेच्या दिवशी पानाच्या कामाला लवकर जावं लागे, म्हणून मी काठ्या बघून तसाच निघायचो. माझी वाटही तीच होती. सांगितलेल्या गोष्टीची खात्री करून घेण्याची सवय असल्यानं मी एकदा सायकल हळू चालवत ठसे बघत गेलो होतो. मारुतीच्या पुढंही एक ठसा होता, फिकट, टाचेचा. परत आल्यावर वहिनीला तसं सांगितलं. तिनं मान हलवली. “टाच मोजायची नसते, भावजी. टाच धुळीनं पण तशी दिसते.”

त्या वर्षापर्यंत हे असं चालू होतं.

मग मंडळाला नवे अध्यक्ष मिळाले. मनानं चांगला माणूस. गल्लीत कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की पहिली गाडी त्यांची येते. त्यांच्या चुलतभावाचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. रांगोळी स्पर्धेला बायका कमी येऊ लागल्या होत्या, हे खरं होतं. नोकरी करणाऱ्या सुनांना मैदानात दुपारभर बसणं जमत नव्हतं. अध्यक्षांनी तोडगा काढला: एआय रांगोळी स्पर्धा. घरबसल्या मोबाईलवर मशीनला सांगायचं, त्यानं काढलेलं चित्र मंडळाच्या ग्रुपवर पाठवायचं. सूचना मराठीत दिली पाहिजे, एवढा एकच नियम. पहिल्या चित्राला नेहमीप्रमाणं कोपरा.

स्पर्धेचं हे निवेदन अध्यक्षांनी मला वाचून दाखवलं. मी दोन वाक्यं सरळ केली. ‘कोपरा’ हा शब्द होता तिथं राहिला. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. वहिनीनं तर एवढंच ऐकलं की कोपरा टिकवायचा असेल तर या मशीनकडून चित्र काढून घ्यावं लागेल. एकदा पहिली आली की मग रस्त्यावर काढणार तीच. नेहमी तसंच होत आलं होतं.

मशीन चालवायला तिची सून बसली. ती एका शाळेत शिकवते, प्रश्नपत्रिका वगैरे मोबाईलवर करून घेते, त्यामुळं तिला ते नवं नव्हतं. संध्याकाळी स्वयंपाक झाला की दोघी खाटेवर बसायच्या. पहिल्या दिवशी मशीननं कमळ दिलं. दुसऱ्या वेळी मोर. मग पणत्या. मग नथ घातलेली एक बाई, तिच्या हातात पणती, मागं मोर.

“ही कोण बया?” वहिनी म्हणाली.

“मराठी संस्कृती म्हटलं की ते बाईच आणतंय, आत्या.”

“हिला म्हणावं बाजूला हो. तू रस्त्यात उभी हायस.”

वहिनीला हवी होती ती तिचीच रांगोळी. वेलाची गोल वळणं, बाहेरून आत येणारी. कडेला निळा, आत हिरवा, सगळ्यांत आत गुलाबी आणि मधे कोरी जागा. वेल मशीनला लवकर जमला. रंगही जमले. जमत नव्हती ती कोरी जागा. सून लिहायची, ‘मध्यभागी काही नको.’ मशीन तिथं स्वस्तिक द्यायचं. ‘स्वस्तिक नको, रिकामं ठेव.’ मग कलश यायचा.

“त्याला सांग की तितं माणसं चालणार हायत,” वहिनी म्हणाली.

सुनेनं तसंच लिहिलं. नव्या चित्रात रांगोळीच्या मधोमध पांढऱ्या कपड्यातली बारकी बारकी माणसं चालताना काढलेली होती, काहींना तर डोक्यावर फेटेही होते. दादा एवढा हसला की त्याला ठसका लागला. “बघ, आली काठीवाल्यांची वरात! आता तुझं काय काम ऱ्हायलं?”

“साकु,” वहिनी म्हणाली, पण तीही हसत होती.

बरेच दिवस हे चाललं. शेवटी सुनेनं सोपं करून सांगितलं: मधे पांढऱ्या जमिनीचा गोल. तेव्हा ती जागा एकदाची मिळाली. वहिनीनं मोबाईल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितलं. एका ठिकाणी वेलाचं वळण उलटं गेलं होतं. ते दुरुस्त करून मागितलं तर मशीन सगळीच रांगोळी बदलून देत होतं. “ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “रस्त्यावर काढताना मी नीट करीन की.”

स्पर्धेत बाकीच्या चित्रांत मोर, पणत्या आणि नथवाल्या बाया होत्या. परीक्षक चित्रकलेचे निवृत्त शिक्षक होते. निकाल सांगताना ते म्हणाले, “बाकी सगळ्यांनी रांगोळी भरून ठेवलीय. ह्या एकीत डोळ्याला बसायला जागा हाय.” वहिनी पहिली आली. बातमी चार ओळींची होती. ती मीच लिहून ओळखीच्या वार्ताहराला दिली. त्या रात्री घरात शेंगापोळ्या झाल्या. वहिनीनं माळ्यावरून रंगांचे डबे काढले, गुलाबी कमी वाटला म्हणून जास्तीचा आणवला आणि चाळणीची तुटलेली कडी तारेनं बांधून घेतली.

यात्रेच्या दिवशी पहाटे ती डबे घेऊन कोपऱ्यावर गेली. मी मागून पाण्याची बादली घेऊन गेलो. रस्ता आधीच झाडलेला होता. अध्यक्ष आणि मंडळाचे तीन-चार कार्यकर्ते एक जाडजूड गुंडाळी खांद्यावरून उतरवत होते. त्यांनी ती उलगडली. जवळजवळ रस्त्याच्या रुंदीचा फ्लेक्स होता. त्यावर तिची रांगोळी होती.

“काकू, आलात? बघा तुमचं डिझाइन!” अध्यक्ष खरोखरच खूश होते. “लई भारी आलंय छापून.”

वहिनीनं डबे खाली ठेवले नाहीत. “हे काय हाय?”

“तुमचीच की रांगोळी. पहिला नंबर न्हवं का? आता तुमी वाकायचं न्हाय, बसायचं न्हाय. गुडघे दुखत्यात म्हणत होता ना? आरामात ओट्यावर बसून बघा.”

“मग मी काय काढू?”

अध्यक्षांना प्रश्न कळला नाही. ते हसले. “काढलंय की तुमी. मोबाईलवर.”

कार्यकर्ते कडांना चिकटपट्टी लावत होते. फ्लेक्स पूर्ण सपाट झाला तेव्हा वहिनीला मधला भाग दिसला. कोऱ्या जागेत नंदीचं चित्र होतं. शिंगांना झालर, गळ्यात घंटा, पाठीवर लाल झूल. त्याखाली मंडळाचं नाव आणि ‘यात्रेच्या हार्दिक शुभेच्छा’.

“हे मी न्हाय सांगितलेलं.”

“न्हाय, ते आमी टाकलं. मधी रिकामं रिकामं दिसत होतं ना. छापणारा पण म्हणला, मटेरियल वाया जातंय.”

फ्लेक्सवर जागा मोकळी सोडायची आपल्याकडं पद्धत नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हातभर जागा राहिली तरी कुणाचा तरी चेहरा तिथं येऊन बसतो. अध्यक्षांनी देवाचा नंदी टाकला होता. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणी स्वतःचा फोटो टाकला असता. वहिनीनं विचारलं, “त्याच्यावर पाय पडतील की रे?” अध्यक्षांनी नंदीकडं बघितलं. हे त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं. मग ते म्हणाले, “बघू. आता छापलंय.”

तिनं कडेनं तरी रेघ ओढू का असं विचारलं. कार्यकर्त्यांपैकी एकजण म्हणाला, “काकू, पावडर उडून फ्लेक्स घाण होईल. फोटोवाले येणार हायत.” ती डबे तसेच हातात घेऊन ओट्यावर येऊन बसली. बादली मी तिथंच ठेवली होती. ती नंतर कुणीतरी हात धुवायला वापरली.

ऊन चढल्यावर काठ्या आल्या. पहिली काठी वळणावर थांबली. काठीवाल्यानं नेहमीप्रमाणं पायाखाली बघितलं. पुढच्या पावलाशी नंदी होता. काठी कमरेवर तोललेली असल्यानं त्याला हात जोडता येत नव्हते. त्यानं फक्त मान लववली. भोवतीचे लोक ओरडले, “नंदी हाय खाली! बाजूनं घ्या, बाजूनं!” काठी डुलली. दहा-बारा हात एकदम वर गेले. मग ती सावरली आणि गटारीच्या कडेनं, घरांना लागून, हळूहळू वळली. पहिली जशी गेली तशाच बाकीच्या गेल्या. मागची गर्दीही त्याच वाटेनं गेली. फ्लेक्सवर कुणाचाही पाय पडला नाही. फोटोवाल्यांना ते सोयीचंच झालं.

त्या सगळ्या वेळात वहिनी ओट्यावर उभी होती. काठ्या आमच्या ओट्याच्या इतक्या जवळून गेल्या की एकीची झालर तिच्या खांद्याला लागून गेली. शेजारच्या बाया म्हणाल्या, केवढं भाग्य, देव दारातून गेला. तिनं नमस्कार केला.

गर्दी ओसरल्यावर ती उठली, पदर खोचला आणि रस्त्यानं निघाली. दादा माझ्याकडं बघत होता. ती मारुतीच्याही पुढं गेली असावी, कारण परत यायला बराच वेळ लागला. दादानं त्या दिवशी नेहमीचा प्रश्न विचारायला नको होता. पण इतक्या वर्षांची सवय.

“कुठवर गेला?”

“रस्ता स्वच्छ हाय,” वहिनी म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी शहराच्या पानावर फोटो आला. वरून काढलेला, फ्लेक्स पूर्ण दिसत होता, कोपऱ्यात थोडी गर्दी. खाली ओळ होती: एआयच्या रांगोळीनं भाविकांचं लक्ष वेधलं. ओळीत चूक काहीच नव्हती. सुनेनं ते पान कापून ठेवलं. वहिनीला दाखवलं तेव्हा तिनं चित्रात बोट ठेवून उलटं गेलेलं वळण दाखवलं. “हे तसंच ऱ्हायलं.”

सून त्या काळात फार अस्वस्थ होती. एकदा ती मला म्हणाली, “काका, मी नसतं करून दिलं तर दुसऱ्या कुणाचं तरी आलं असतं. मग निदान आत्यांना दारापुढं तरी काढता आलं असतं.” ते बरोबर होतं. कोपरा जिंकल्यामुळं वहिनीकडं दारापुढचा रस्ताही उरला नव्हता, कारण पहिली येईल तिनं फक्त कोपऱ्यावरच काढायचं अशी रीत होती. गल्लीतल्या बाकीच्या बायकांनी त्या दिवशी आपापल्या दारापुढं रांगोळ्या काढल्या होत्या. काठ्या वळून गेल्यावर त्या पुसल्याही गेल्या होत्या.

नंदीवरून मंडळाच्या बैठकीत वाद झाला. वयस्कर लोकांनी अध्यक्षांना सुनावलं. मला वाटलं, आता पुढच्या वर्षी जुनी पद्धत परत येईल. वहिनीलाही तसं वाटलं असावं. पावसाळ्यात तिनं रंगाचे डबे एकदा उन्हात ठेवले होते. पण पुढच्या वर्षी स्पर्धाच झाली नाही. गरज नव्हती. फ्लेक्स गुंडाळून मंडळाच्या खोलीत ठेवला होता आणि तो नव्यासारखा होता. अध्यक्ष स्वतः घरी सांगायला आले. चूक सुधारल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“काकू, तुमचं म्हणणं बरोबर होतं. नंदीवर पांढरा तुकडा चिकटवून टाकला. आता मधी एकदम कोरं. तुमाला पायजे होतं तसं. आन् आता दर वर्षी कोपरा तुमचाच.”

वहिनीनं त्यांना चहा दिला. गुडघ्यांचं विचारल्यावर बरं हाय म्हणाली.

त्या वर्षी काठ्या फ्लेक्सवरूनच गेल्या. पहिला काठीवाला नेमका पांढऱ्या तुकड्यावर थांबला, तोल घेतला आणि गुलाबी भागावर पाऊल टाकून वळला. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. वहिनी ओट्यावरून पायांकडं बघत होती. तळवे उचलले जात होते ते धुळीचे होते. त्या दिवशी ती रस्त्यानं चालत गेली नाही आणि दादानंही काही विचारलं नाही.

संध्याकाळी अध्यक्ष आणि त्यांचे दोन कार्यकर्ते फ्लेक्स काढायला आले. पांढऱ्या तुकड्यावर मातकट ठसे उमटले होते, एकावर एक, काही अर्धे, काही पूर्ण, बोटांसकट. बाकीच्या रंगांवर ते दिसत नव्हते. फक्त तिथं दिसत होते. अध्यक्षांनी ओलं फडकं घेतलं आणि गुडघ्यावर बसून ते पुसू लागले.

“पुसू नका की,” वहिनी ओट्यावरून म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. “तेवढंच आलंय.”

अध्यक्षांनी वर बघून हसून हात हलवला. “डाग पडंल काकू, वाळल्यावर निघत न्हाय. पुढच्या वर्षी पायजे की स्वच्छ.”

त्यांनी तुकडा पूर्ण पुसला, वाळेपर्यंत वाट बघितली, मग फ्लेक्स गुंडाळून सुतळी बांधली. वहिनी तोवर बसून होती. नंतर तिनं ओट्यावरची चाळणी उचलली. ती चाळणी सकाळपासून तिथंच होती, हे मला तेव्हा दिसलं.